उंबरा नसलेल्यांचे नगर : इंदूरच्या एका नाट्यखेळाविषयी

रामबागेच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या चौकात सध्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जो प्रयोग होतो, त्याला नाटक म्हणायचे की खेळ, हा वाद नाट्यप्रेमींनी सवडीने घालावा. ज्यांना जावे की न जावे एवढेच ठरवायचे आहे त्यांच्यासाठी माझे मत आधीच सांगून टाकतो : जरूर जावे. बेघर माणूस आणि त्याच्या आसपासची वस्ती यांच्यातल्या नात्यावर इतका विचार करून बांधलेला प्रयोग इंदूरच्या मराठी मंडळींनी याआधी केलेला माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्यात काही उणिवा अशा आहेत की त्या दूर केल्याशिवाय हा खेळ दुसऱ्या वस्तीत नेऊ नये, असेही मला वाटते. करणारा गट लहान आहे. त्यात हौशी कलावंत आहेत, शाळेत शिकवणाऱ्या बायका आहेत आणि काही वर्षे रैन बसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या सार्वजनिक निवाऱ्यात, व फुटपाथवर काढलेली दोन माणसे आहेत. तिकीट नाही, शेवटी झोळी फिरते. गटाने दिलेले लांबलचक नाव कोणाच्या तोंडी बसलेले नाही. येणारे-जाणारे त्याला नुसते उंबऱ्याचा खेळ म्हणतात.

आपल्याकडचा मराठी प्रेक्षक मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकांवर वाढलेला आहे. तिसरी घंटा झाली की खुर्चीत मागे रेलायचे, मध्यंतरात बटाटेवडा खायचा आणि बाहेर पडताना नेपथ्याला नावे ठेवायची, ही त्याची पक्की सवय. इथे खुर्ची नाही, पडदा नाही आणि प्रेक्षक म्हणून बसून राहण्याची सोयही नाही. जो चौकात पाऊल टाकतो त्याला भूमिका घ्यावीच लागते. एक निवेदक जग उभे करतो, बाकीचे त्या जगातली पात्रे होऊन आपापले निर्णय घेतात आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो, ही पद्धत १९७४ साली अमेरिकेत आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळामुळे जगभर पसरली. या गटाने निवेदकाच्या जागी सूत्रधार बसवला आहे आणि फाशांच्या जागी कवड्या आणल्या आहेत. सारीपाट ज्यांच्या घरात होता त्यांना उताणी कवडी आणि पालथी कवडी समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे साठी ओलांडलेली मंडळी पहिल्या पाच मिनिटांतच खेळात शिरतात. अशा खेळांत एरवी तरुणांचीच गर्दी असते, हे लक्षात घेता ही योजना मला फार शहाणपणाची वाटली.

खेळातले नगर काल्पनिक आहे. त्याला सात वेशी आहेत. दिवेलागणीला घंटा होते आणि वेशी बंद होतात. या नगरात माणसाचे नाव त्याच्यापाशी नसते, ते त्याच्या घराच्या उंबऱ्यावर असते. घंटा झाली की ज्याला उंबरा नाही त्याचे नाव साऱ्या नगराच्या आठवणीतून पुसले जाते आणि सकाळी वेस उघडेपर्यंत परत येत नाही. अद्भुत म्हणावे असे एवढेच. तेल, मीठ, मजुरी, सोयरीक, भाऊबंदकी, बाकी सगळे आपल्यासारखेच. अद्भुत जग रचायला बसलेल्या हौशी लेखकाचा हात सैल सुटतो आणि उडते गालिचे, बोलणारे पोपट, तीन डोळ्यांचे साप यांची गर्दी होते. इथे निदान पूर्वार्धात तरी एकाच नियमावर सगळे नगर उभे आहे आणि तो नियम प्रत्येक प्रसंगात निकराने वापरला आहे.

आत शिरताना तांब्याच्या घंगाळातून चिठ्ठी उचलायची. तिच्यावर तुमचा धंदा आणि तुमची एक नड लिहिलेली असते. दहाजणांत सातांना पाटाएवढी लाकडी फळी मिळते, तो त्यांचा उंबरा. उरलेल्या तिघांना गाठोडे मिळते. प्रत्येकाच्या गळ्यात शाळेतली दगडी पाटी अडकवलेली असते आणि तिच्यावर खडूने नाव लिहायचे असते. घंटा झाली की गाठोडेवाल्याने ओल्या फडक्याने आपले नाव आपल्याच हाताने पुसायचे, आणि त्यानंतर त्याला नावाने तर नाहीच, पण काका, काकू, ताई, दादा असेही कोणी म्हणायचे नाही. मी गेलो होतो त्या प्रयोगात गाठोडे वाट्याला आलेल्या एका वयस्क बाईंनी पाटी पुसायला सरळ नकार दिला. सूत्रधाराने घाई केली नाही, आर्जवही केले नाही. तो हातात घंटा धरून उभा राहिला. शेवटी शेजारच्या फळीवरचा तरुण म्हणाला, "काकू, पुसून टाका ना, त्याशिवाय रात्र सुरू होत नाही," आणि सगळे हसले. बाईंनी पाटी पुसली. त्यानंतर दोनदा त्याच तरुणाला त्यांना हाक मारायची होती आणि दोन्ही वेळा "अहो..." एवढे म्हणून तो अडला. यावर कोणी भाषण केले नाही, त्यामुळेच तो प्रसंग अंगाला लागला.

खेळात तीन रात्री येतात. प्रत्येक उंबऱ्याला उबेच्या चार कवड्या मिळतात; घरच्यांना रात्र काढायला दोन लागतात, दोन उरतात. गाठोडेवाल्याला आत घेतले तर त्या उरलेल्या दोन कवड्या त्याच्यावर खर्च होतातच, शिवाय सहा कवड्या फेकाव्या लागतात, आणि दोनपेक्षा कमी उताण्या पडल्या तर कोतवाल येऊन तुमचीच फळी त्या रात्रीपुरती उचलून नेतो. म्हणजे दया दाखवणाऱ्यालाही उघड्यावर येण्याची भीती आहे, आणि ती भीती फळीवर बसल्यावर खरोखर वाटते. पहिल्या रात्री आमच्यापैकी फक्त एका उंबऱ्याने माणूस आत घेतला. बाकीच्यांनी जी कारणे दिली ती मुद्दाम नोंदवण्यासारखी आहेत, कारण एरवी ही माणसे असे बोलत नाहीत. इमारतीच्या जिन्याखाली झोपणाऱ्या माणसाविषयी त्यांच्या खऱ्या नावाने मत विचारले असते तर सरकारने काहीतरी करायला हवे, दान सत्पात्री असावे, अशी उत्तरे आली असती. इथे मात्र नगराचा सराफ झालेले गृहस्थ आपल्या फळीवर मांडी ठोकून म्हणाले, "आज एकाला जागा दिली की उद्या दहा येतील, आणि मग या आळीत गिऱ्हाईक फिरकणार नाही." कोणत्याही सोसायटीच्या बैठकीत अर्ध्या आवाजात होणारे हे बोलणे सात वेशींच्या नगरात मोठ्याने झाले, आणि मोठ्याने झाले म्हणूनच त्याला कोणीतरी उत्तर देऊ शकले. कल्पित जगाचा आडोसा कशासाठी घ्यायचा, या प्रश्नाचे माझ्या मते हेच उत्तर आहे. माणूस वेशांतर करून खोटे बोलतो अशी आपली समजूत असते. इथे तो खरे बोलतो.

या नियमांत एक खुबी लपवून ठेवली आहे. ती सांगितल्याने पुढच्या खेळाडूंची गंमत थोडी कमी होईल, पण परीक्षणात ती टाळता येणार नाही. लागून असलेल्या दोन उंबऱ्यांनी फळ्या जोडल्या आणि पाहुणा दोघांचा म्हणून घेतला, तर कवड्या फेकाव्याच लागत नाहीत. कोतवालाला जोडलेल्या फळ्या उचलता येत नाहीत. ही सवलत सूत्रधार सांगत नाही. ती एका चिठ्ठीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि ज्याच्या हाती ती लागते त्याला आपल्या शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही. आमच्या खेळात ती चिठ्ठी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ पहिली रात्र गप्प बसले. का, असे नंतर विचारले तेव्हा म्हणाले की शेजारची व्यक्ती ओळखीची नव्हती, उगाच कशाला बोला. दुसऱ्या रात्री ते बोलले आणि तिथून सगळा खेळ पालटला. शेजारधर्माने माणसाचे मन मोठे होते की नाही ते मला माहीत नाही, पण मदत करणाऱ्याच्या डोक्यावरचा धोका त्याने वाटला जातो, आणि वाटला गेला की पेलण्याजोगा होतो. ही गोष्ट गटाने उपदेशात न घालता हिशेबात घातली आहे. संपूर्ण प्रयोगात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

दुसऱ्या रात्री मोजणी होते. कंदील घेतलेला कारकून नगरात फिरतो आणि उंबरा नसलेल्यांची नोंद करतो; जे नोंदले जातील त्यांना पुढच्या रात्री पांघरूण मिळणार असते. पण पहिल्या रात्री कोतवालाने ज्यांना हुसकावलेले असते ते कंदील दिसताच लपतात, आणि मोजणीतून निसटतात. प्रसंग छोटा आहे, त्यात संवाद जवळजवळ नाहीत, तरी यामागचा अभ्यास जाणवतो. आपल्या जनगणनेत बेघरांची गणना अशीच एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. फुटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, देवळाचा मंडप अशा ठिकाणी त्या रात्री कंदिलाच्या, म्हणजे बॅटरीच्या, उजेडात जो दिसला तो आकड्यात आला. आपला सगळा धोरणविचार ज्या आकड्यावर उभा आहे तो भेदरलेल्या माणसांच्या लपण्यावर अवलंबून असतो, हे कारकुनाच्या त्या मूक फेरीने चांगले दाखवले. कारकुनाचे काम करणाऱ्या बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून, बोट जिभेला लावून पान उलटण्याची लकब फार बारकाईने उचलली आहे.

अभिनयाविषयी बोलायचे तर कोतवालाचा उल्लेख आधी करायला हवा. पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेल्या दोघांपैकी एकाने ही भूमिका केली आहे. त्याला बेघराचे काम न देता हाकलणाऱ्याचे काम देणे ही दिग्दर्शनातली मोठी जाण आहे. तो ओरडत नाही, लाथ मारत नाही. तो हातात झारी घेऊन येतो आणि झोपलेल्याच्या उशालगत फरशीवर पाण्याची धार धरतो. "उठा, धुवायचंय. साहेब येणारेत." एवढेच. गाठोडे उचलायला वेळ मिळतो, भांडायला कारण मिळत नाही. खेळानंतरच्या गप्पांत त्याने सांगितले की त्याला स्वतःला एका चौकातून असेच उठवत असत आणि धुतलेली फरशी वाळेपर्यंत रात्र संपलेली असे. ज्याने ते सोसले आहे तोच इतक्या थोड्यात ते करून दाखवू शकतो.

तिसऱ्या रात्री एक सुवर्णदूत येणार असतो. त्याने नगर पाहून पसंती दिली की वेशीवर सोन्याचा कळस चढणार. कोणत्या शहराची ही गोष्ट आहे ते इंदूरच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूरने पहिला क्रमांक सोडला नाही आणि त्याचा आपल्या सगळ्यांना, मला धरून, मनापासून अभिमान आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये याच शहरातल्या निराधार वृद्धांना महापालिकेच्या गाडीत घालून शिप्रा गावाजवळ शहराबाहेर उतरवण्यात आले, गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफीत काढली, मग त्यांना पुन्हा गाडीत चढवावे लागले आणि वरच्या अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले, हेही कोणी विसरलेले नाही. गटाने या घटनेचा उच्चार कुठेही केलेला नाही. नगरसभा बोलावली जाते, सूत्रधार विचारतो की दूत येईल त्या रात्री गाठोडेवाले कुठे असतील, आणि उत्तर खेळाडूंवर सोडतो. आमच्या सभेत सराफांनीच तोडगा काढला : वेशीबाहेर मैदानात चांगले तंबू ठोकू, जेवण देऊ, सन्मानाने ठेवू. फळ्या भराभर वर झाल्या. तेव्हा गाठोडेवाल्यांपैकी एक जण उठून म्हणाला की त्याची मजुरी धान्यबाजारात पहाटे मिळते, वेस उघडून तो आत येईपर्यंत ओझी दुसऱ्यांनी उचललेली असतील. सियागंजात किंवा छावणीच्या मंडईत पहाटे हमालांची गर्दी पाहिलेल्याला हे म्हणणे नवे नाही. पोट जिथे भरते तिथेच माणूस पाठ टेकतो. निवारा कितीही चांगला असला तरी कामापासून लांब असला तर तो रिकामा राहतो. एम. वाय. रुग्णालयाच्या आवारात निमाड-झाबुआकडून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक उघड्यावर झोपतात, त्याचेही कारण हेच : खाटेपासून हाकेच्या अंतरावर राहायचे असते.

सभेने मग नगराच्या आतच निवारा बांधायचे ठरवले. इथे सूत्रधाराने जे केले ते मला फार पटले. त्याने खडूने जमिनीवर पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब असा चौकोन आखला आणि ठराव मांडणाऱ्या सराफांनाच त्यात आपले गाठोडे, चपला, डबा आणि आजारी आई यांच्यासकट मुक्काम मांडायला सांगितले. माणशी ५० चौरस फूट हा कोणा कवीच्या कल्पनेतला आकडा नाही, तो राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या निवारा-योजनेत ठरवलेला निकष. दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो चोवीस तास उघडा असावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आग्रह. त्या हिशेबाने २०११ च्या जनगणनेत सुमारे वीस लाख लोकसंख्या असलेल्या इंदूरला तेव्हाच वीसेक निवारे लागत होते. सराफांनी आधी चपला उशाला घेतल्या, मग पायाशी ठेवल्या, मग पुन्हा उशाला घेतल्या, कारण पायाशी त्या चोरीला जातात असे दुसऱ्या गाठोडेवाल्याने त्यांना सांगितले. बँकेत उभी हयात गेलेला तो माणूस चौकोनात आडवा होऊन छताकडे पाहत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला बाहेरच्या बाजूला झोपवू की भिंतीकडे?" यानंतर सभेतला आवाजच बदलला, कुठे ठेवायचे हा प्रश्न मागे पडला आणि कुलूप कोण लावणार, बायकांची वेगळी खोली असेल का, आजारी माणसाला दिवसा बाहेर काढणार का, असे प्रश्न येऊ लागले.

या टप्प्यावर सूत्रधार टाळी वाजवतो, प्रसंग थांबतो, आणि जो म्हणेल की मी वेगळे वागलो असतो त्याला त्या पात्राच्या जागी उभे राहून तो प्रसंग पुन्हा करावा लागतो. ही युक्ती ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या फोरम थिएटरची. त्यांच्या पद्धतीवर लंडनमध्ये १९९१ पासून कार्डबोर्ड सिटिझन्स ही मंडळी बेघरांबरोबर नाटक करत आली आहेत, आणि लॉस एंजेलिसच्या स्किड रो या बेघरांच्या भागात जॉन मालपीड यांनी १९८५ मध्ये तिथल्याच रहिवाशांना घेऊन नाट्यगट उभा केला. आपल्या गटाने त्या परंपरेतून तंत्र घेतले, पण वळण आपले ठेवले, हे बरे झाले. नाहीतरी मराठी नाटक १८४३ मध्ये सांगलीत उभे राहिले तेव्हा सूत्रधार, विदूषक आणि अललडुर्र करत येणारे राक्षस हेच त्याचे भांडवल होते. अद्भुताचे आपल्याला वावडे नव्हते. आणि वासुदेव, पिंगळा, बहुरूपी ही बिनघराची माणसे दाराशी आली तर त्यांना सुपातून धान्य घालण्याची रीत होती, त्यांच्या येण्याची वेळही ठरलेली होती. खेळात पहाटेची घंटा पिंगळा वाजवतो. हा तपशील मला सुंदर वाटला, पण तो तेवढ्यावरच सोडून दिला आहे; नगरातला एकमेव बिनउंबऱ्याचा माणूस ज्याचे नाव रात्रीही सगळ्यांना आठवते असा पिंगळा असता तर केवढी गंमत झाली असती.

आता उणिवा. उत्तरार्धात एक काळा जादूगार प्रकट होतो आणि नगराचा विस्मरणाचा शाप त्याचाच होता असे कळते. त्याला हरवले की पाट्यांवर नावे उमटतात, ढोल वाजतो, टाळ्या पडतात. इतका वेळ जो दोष आमच्या फळ्यांवर बसलेला होता तो या जादूगाराने एका झटक्यात आपल्या अंगावर घेतला आणि आम्ही सगळे मोकळे झालो. लहान मुलांना तो आवडतो, त्याचे काम करणारा नटही खणखणीत आवाजाचा आहे, पण त्याचे पात्र काढून टाकावे असेच मी म्हणेन. तो आला की भाषाही फुगते; "हे नगरवासीहो, तुमच्या अंतःकरणातील तमस" वगैरे ऐकताना झारीतली ती धार आठवते आणि फरक कळतो.

दुसरी उणीव वेळेची आहे आणि ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. खेळ साडेसातला जाहीर होतो, सुरू होतो आठनंतर, आणि गप्पांसकट अकरा वाजतात. सरवटे बस स्थानकाच्या बाजूला राहणाऱ्या काही जणांना गटाने आग्रहाने बोलावले होते. ते आले, पहिली रात्र मन लावून खेळले, फळी मिळालेल्यांत सर्वांत चतुर सौदे त्यांनीच केले, आणि नऊच्या सुमारास हळूच उठून गेले. कारण विचारले तर त्यांच्यातल्या एका मावशींनी सांगितले की उशिरा गेले की जागा जाते. ज्या गोष्टीवर तीन तास खेळ चालतो तीच गोष्ट वेळापत्रक आखताना सुटावी, हे पटत नाही. चारला सुरू करून सातच्या आत संपवावे. मराठी प्रेक्षक चहा सोडून येणार नाही अशी भीती असेल तर चहा तिथेच द्यावा. नाहीतर नगराच्या वेशीबाहेर कोण राहिले, हा प्रश्न गटालाच विचारावा लागेल.

तिसरी हरकत शेवटच्या भागाला आहे. वेश उतरवल्यावर प्रत्येकाला कोरा कागद देतात आणि आपल्या गल्लीचा नकाशा काढून तिथे रोज दिसणाऱ्या पण घर नसलेल्या किंवा घर लांब असलेल्या माणसांची नावे लिहायला सांगतात : इस्त्रीवाला, रात्रीचा पहारेकरी, देवळाबाहेरची फुलवाली, पाराखाली झोपणारा म्हातारा. कल्पना अव्वल आहे. वर्षानुवर्षे ज्याच्याकडून कपडे घेतो त्या इस्त्रीवाल्याचे नाव लिहिता न आल्याने माझ्या शेजारचे जोडपे एकमेकांवर चिडले, "अहो, तुम्हीच देता ना त्याला कपडे?" हे वाक्य मी ऐकले, आणि माझ्या कागदावरही मोकळ्या जागा कमी नव्हत्या. पण हे कागद नंतर गट जमा करून ठेवतो. ज्या शहरात १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला, तिथे कोण कुठे झोपतो याची नकाशासकट यादी कोणाच्या कपाटात असणे निरुपद्रवी नाही. गटाचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. कागद हेतूबरोबर राहत नाहीत. पाट्या आणि खडू हाताशी आहेतच, नकाशाही पाटीवर काढून घ्यावा आणि पुसून टाकावा. ज्याला नाव लक्षात ठेवायचे आहे तो ठेवील.

भाषेविषयी थोडेसे. खेळ मराठीत आहे, पण रस्त्यावर राहणारे बहुतेक हिंदी-मालवी बोलतात, त्यामुळे सूत्रधाराला मध्येच दोन्हीकडे उड्या माराव्या लागतात. तो ते सफाईने करतो. लांब संवादांचे मात्र हाल होतात, आणि कवड्यांचे नियम दोनदा सांगण्यात रंग थोडा ओसरतो. नियमांचे चित्र भिंतीवर लावले तर हा प्रश्न मिटेल. ढोल बंदिस्त चौकात फार वाजतो. खेळानंतर मिळणारे पोहे गार असतात, त्यांवरचा मसाला, जिरावण, मात्र झणझणीत आहे.

जाणाऱ्यांनी आधी निरोप देऊन जागा राखावी, कारण चौकात मर्यादित माणसेच मावतात आणि ऐनवेळी आलेल्यांना ओसरीवर उभे राहून बघावे लागते. ओसरीवरून या खेळातले फारसे काही हाती लागत नाही. दहा-बारा वर्षांवरची मुले छान रमतात. त्याहून लहानांना नाव पुसण्याचा प्रसंग घाबरवतो, एक मुलगी रडलेली मी पाहिली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तसे सांगितल्यास बसायला स्टूल मिळते, पण फळीवर मांडी घालून बसण्यातच खेळाची अर्धी मजा असल्यामुळे शक्य असेल तर खालीच बसावे. एकट्याने जाण्यापेक्षा एकाच इमारतीतल्या दोन-तीन घरांनी मिळून जावे. गट त्यांना मुद्दाम शेजारच्या फळ्या देतो, आणि जोडफळीची चिठ्ठी कोणाकडे आहे ते तिथे लवकर कळते.